धप्पा: इनबिटवीन शिकतानाच्या प्रकल्प नोंदी

३० मार्च २०२५

पाडव्याचा मुहूर्त साधून आज काम सुरू केले. प्रकल्प हाताने काढलेल्या अ‍ॅनिमेशनच्या एकाच शॉटचा आहे. रंगपंचमीला जुन्या नाशकातल्या रहाडीत एक मुलगा धप्पा मारतो, म्हणजे उडी घेऊन पाण्यावर पाठीवर आडवा पडतो, रंगीत पाण्याखाली जातो आणि पुन्हा वर येतो, एवढाच प्रसंग असून त्याची लांबी चार सेकंद, म्हणजे सेकंदाला २४ या हिशेबाने ९६ फ्रेम आहे. ठळक मुद्रा, म्हणजे की ड्रॉइंग, हे काम शिकवणाऱ्या सरांनी काढून दिल्या आहेत; त्यांच्या मधली सगळी चित्रे, म्हणजे इनबिटवीन, मी काढायची आहेत. सरांची स्वतःची सुरुवात मुंबईत जाहिरातपटांच्या स्टुडिओत इनबिटवीनर म्हणूनच झाली होती आणि दुसऱ्याच्या कीवर पुरेसे काम केल्याशिवाय कोणी स्वतःच्या की काढायला बसू नये, असे त्यांचे ठाम मत आहे. हे मत मला पूर्णपणे पटलेले नाही, पण या प्रकल्पापुरते ते मान्य केले आहे.

नाशिकबाहेरच्या वाचकांसाठी सांगायचे तर रहाड म्हणजे पेशवेकाळापासून चालत आलेला, जमिनीत बांधलेला हौद. एरवी तो बुजवलेला असतो, त्यावरून वाहने जातात, आणि रंगपंचमीला उघडून रंगीत पाण्याने भरतात. यंदा १९ मार्चला तिवंधा चौकात मोबाइलवर घेतलेल्या चित्रफिती संदर्भासाठी हाताशी आहेत. सरांनी त्या एकदाच पाहिल्या आणि की काढताना पुन्हा उघडल्या नाहीत.

३ एप्रिल २०२५

आजचा दिवस साहित्यात गेला. कागद एकमेकांवर दर वेळी तंतोतंत बसणे ही या कामाची पहिली अट आहे. स्टुडिओत त्यासाठी अ‍ॅक्मी पद्धतीचे पेग असतात: मधे एक गोल खुंटी आणि दोन्ही बाजूंना एकेक लांबट चपटी खुंटी. त्या भोकांचा पंच महाग पडतो, म्हणून ऑफिसातल्या साध्या दोन भोकांच्या पंचावर भागवायचे ठरवले. त्या भोकांच्या केंद्रांमधले अंतर ८० मिलिमीटर आणि प्रत्येक भोकाचा व्यास ६ मिलिमीटर असतो. सातपूरला लेथवर काम करणाऱ्या एका ओळखीच्या कारागिराने पितळेच्या दोन खुंट्या सहा मिलिमीटरला केसभर कमी ठेवून करून दिल्या आणि त्या एका पट्टीवर बसवल्या. भोक सैल झाले की चित्र हलणार, म्हणून प्रत्येक कीच्या भोकांभोवती आतापासूनच पातळ चिकटपट्टी लावून ठेवली आहे.

लाइटबॉक्स घरीच केला: लाकडी चौकट, आत एलईडीची पट्टी आणि वर दुधी अ‍ॅक्रिलिक. कागद ७० जीएसएमचा साधा बाँड घेतला, कारण त्याहून जाड कागदाचे चार थर झाले की खालच्या चित्राची रेघ दिसेनाशी होते. पेग चित्राच्या खालच्या बाजूला ठेवले आहेत. त्यामुळे डाव्या हाताच्या बोटांमध्ये तीन-चार कागद धरून ते मागेपुढे झुलवता येतात आणि रेघ ओढता ओढताच हालचाल दिसते.

६ एप्रिल २०२५

पहिला भाग घेतला: मुलगा काठावर उभा आहे (चित्र १) आणि उडी घेण्यासाठी गुडघ्यांत वाकतो (चित्र १७). हा भाग टूजवर आहे, म्हणजे प्रत्येक चित्र दोन फ्रेम टिकते आणि चित्रांना १, ३, ५ असे विषम क्रमांक येतात. कीच्या क्रमांकाला वर्तुळ, ब्रेकडाउनच्या (दोन कींमधली हालचाल कशी जाते ते ठरवणाऱ्या मुख्य मधल्या चित्राच्या) क्रमांकाखाली रेघ, इनबिटवीनचा क्रमांक मोकळा, अशी सरांची पद्धत आहे. कीच्या कडेला उभ्या रेघेवर आडव्या खुणा करून टायमिंग चार्ट काढलेला असतो आणि इनबिटवीनरला मिळणारी लेखी सूचना तेवढीच.

या चार्टनुसार ९ हे चित्र बरोबर मध्यावर येते. पण ७ हे ९ आणि १ यांच्या मध्यावर, ५ हे ७ आणि १ यांच्या मध्यावर आणि ३ हे ५ आणि १ यांच्या मध्यावर येते. पलीकडच्या बाजूला १७ कडे जातानाही तसेच. दर वेळी निम्म्याचे निम्मे होत गेल्याने चित्रे दोन्ही टोकांना दाटतात आणि मधे विरळ होतात, म्हणूनच हालचाल हळू सुरू होते, मधे वेग घेते आणि हळू थांबते. चार्टमध्ये शक्यतो निम्मेच का मागतात, हे हाताने काढताना लगेच कळते: दोन रेघांमधला मध्य डोळा सहज पकडतो, तिसरा हिस्सा मात्र पकडत नाही.

कागदावर मुलाची उंची सुमारे १० सेंटीमीटर आहे आणि वाकताना त्याची कंबर २ सेंटीमीटर खाली येते. म्हणजे ९ मध्ये ती १० मिलिमीटर, ७ मध्ये ५, ५ मध्ये अडीच आणि ३ मध्ये अवघी सव्वा मिलिमीटर खाली असली पाहिजे. पेन्सिलीची रेघच अर्ध्या मिलिमीटरची असते, तेव्हा १ आणि ३ यांच्यात रेघेची जाडी हाच अंतराचा मोठा भाग ठरतो. अशा ठिकाणी दोन्ही रेघांमध्ये दिसणाऱ्या पांढऱ्या फटीकडे पाहून चालत नाही. एका रेघेच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत नजर लावावी लागते, आणि तो नियम डोक्यापासून टाचेपर्यंत एकसारखा पाळावा लागतो. नाहीतर पडद्यावर मुलगा श्वास घेतल्यासारखा फुगतो आणि आकसतो.

चित्रे क्रमाने काढायची नाहीत, हेही यातूनच येते. आधी ९, मग ७, मग ५, मग ३. ही विभागणी फार जुनी आहे. विन्सर मॅके यांनी १९१४ मध्ये पडद्यावर आणलेल्या आपल्या डायनोसॉरसाठी हीच रीत वापरली होती: आधी प्रमुख मुद्रा, मग त्यांच्या मधले, मग त्यांच्याही मधले. पारदर्शक सेल तेव्हा त्यांच्या वापरात नव्हते, त्यामुळे मागचे डोंगर आणि झाड प्रत्येक कागदावर पुन्हा गिरवावे लागत आणि ते काम त्यांचा एक तरुण मदतनीस करी. त्या मदतनिसाबद्दल मला विशेष जिव्हाळा वाटू लागला आहे.

९ एप्रिल २०२५

३ ते १५ पूर्ण. निळ्या पेन्सिलीने रफ, त्यावर एचबीने पक्की रेघ. तळहाताखाली कोरा कागद ठेवल्याशिवाय बसायचे नाही. उन्हाळा सुरू झाला आहे आणि घामाने ग्रॅफाइट पसरते.

१३ एप्रिल २०२५

उडी घेताना हात मागून वर येतात. १७ मध्ये उजवा हात जवळजवळ आडवा मागे आहे, ३१ मध्ये तो सरळ वर आहे, म्हणजे खांद्याभोवती सुमारे ९० अंश फिरतो. दोन्ही चित्रे लाइटबॉक्सवर ठेवून मनगटापासून मनगटापर्यंत सरळ रेघ ओढली आणि तिचा मध्य घेतला, तर तिथपर्यंत पोहोचणारा हात ४ सेंटीमीटरचा न राहता २.८ सेंटीमीटरचा होतो. हे भूमितीचे साधे गणित आहे: वर्तुळाच्या दोन बिंदूंना जोडणारी जीवा चापाच्या आतूनच जाते. पडद्यावर असा हात मधेच आखूड होऊन पुन्हा लांबतो आणि पाहणाऱ्याला नेमके काय खटकले ते सांगताही येत नाही.

सरांनी कागद हातात घेतला, झुलवला आणि म्हणाले, "अगं, रेघांचा मध्य काढू नकोस, हाताचा काढ. खांदा कुठाय? कोपर कुठाय? ते आधी ठेव, रेघा मागून येतील."

त्यासाठीची रीत अशी. कोरा कागद पेगवर ठेवून खांदा, कोपर आणि मनगट यांच्या जागा चापावर फिक्या ठिपक्यांनी धरायच्या. मग तो कागद पेगवरून काढून कीवर असा सरकवायचा, की कीमधला हात या ठिपक्यांखाली येईल, आणि हात त्याच मापाने गिरवायचा. नंतर दुसऱ्या कीवर सरकवून तिथला हात कसा वळला आहे ते पाहायचे आणि दोहोंमधला आकार पक्का करायचा. भोके आहेतच, त्यामुळे कागद परत पेगवर ठेवला की हात आपल्या जागी येतो. दूरदूर पडलेल्या आकारांसाठी स्टुडिओत हेच करतात, कारण दोन हातांची चित्रे एकमेकांपासून लांब असली की नजर त्यांच्यात तुलना करू शकत नाही. तुलना हवी असेल, तर ती जवळ आणली पाहिजेत.

ही रीत डोक्यालाही लागू आहे. उडी घेताना मुलगा मागच्या मित्रांकडे पाहून समोर वळतो. नाकाचा शेंडा एका गालाकडून दुसऱ्या गालाकडे सरळ सरकवला, तर चेहरा सपाट पत्र्यावर काढल्यासारखा दिसतो. सरांनी ब्रेकडाउनमध्ये हनुवटी किंचित खाली घेतली आहे आणि डोळे अर्धे मिटले आहेत. ते चित्र दोन्ही कींच्या सरासरीत कुठेच नाही, पण वळण त्याच्यामुळेच वळण वाटते.

२० एप्रिल २०२५

आज पडण्याचा भाग घेतला. या शॉटमध्ये मला सर्वांत जास्त शिकवणारा भाग हाच ठरला, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

सर्वांत उंच मुद्रा ३७ आहे. तिथून ४३ पर्यंत मुलगा जवळजवळ अधांतरी राहतो. खरा मुलगा एवढा वेळ हवेत थांबत नाही. हा पाव सेकंद सरांनी पदरचा घातला आहे, आणि माझ्या मते या शॉटमधला तो सर्वांत चांगला निर्णय आहे. ४३ पासून ५५ पर्यंत, म्हणजे १२ फ्रेममध्ये, तो पाण्यावर आदळतो. अर्ध्या सेकंदात मोकळी पडणारी वस्तू सुमारे १.२ मीटर खाली येते आणि आमच्या मुलाच्या मापाने कागदावर ते अंतर ७.२ सेंटीमीटर होते. सरांनी की काढतानाच हा हिशेब जमवला होता.

आता ४९ हे चित्र वेळेच्या बरोबर मध्यावर आहे. कंबर ३.६ सेंटीमीटर खाली असावी, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण पडणाऱ्या वस्तूने कापलेले अंतर वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे निम्म्या वेळेत ती एकूण अंतराच्या फक्त पाव भाग खाली आलेली असते. म्हणजे ४९ मध्ये कंबर १८ मिलिमीटरवर हवी. गॅलिलिओने दाखवलेला विषम संख्यांचा क्रमही इथे जसाच्या तसा दिसतो: टूजवर चित्रे काढली, तर ४३ पासून पुढची अंतरे १, ३, ५, ७, ९, ११ या प्रमाणात पडतात. या मापात पहिला टप्पा २ मिलिमीटरचा आणि शेवटचा २२ मिलिमीटरचा होतो.

पाव म्हणजे निम्म्याचे निम्मे, त्यामुळे ४९ ची जागा पट्टी न लावताही डोळ्याने दोनदा मध्य काढून मिळते. चार्टवर हे वाचायला शिकल्यापासून मला चार्टच्या खुणांमध्ये वजन दिसू लागले आहे. याच मुद्रा ठेवून खुणा समान अंतरावर केल्या, तर मुलगा पडत नाही, दोरीने खाली सोडल्यासारखा उतरतो. चित्रे तीच राहतात, बदलते फक्त मधल्यांची जागा.

शेवटच्या टप्प्यात एक अडचण उरली. १० सेंटीमीटरच्या आकृतीने एका चित्रात २२ मिलिमीटर खाली जाणे टूजवर डोळ्याला टोचते. दोन वेगळे मुलगे एकामागून एक दिसल्याचा भास होतो. म्हणून ५१ पासून ५५ पर्यंतचा भाग वन्सवर, म्हणजे प्रत्येक फ्रेमला वेगळे चित्र असा घेतला आणि ५२ व ५४ ही सम क्रमांकांची चित्रे वाढवली. कंबर ५१ मध्ये ३२ मिलिमीटरवर, ५२ मध्ये ४०.५, ५३ मध्ये ५०, ५४ मध्ये ६०.५ आणि ५५ मध्ये ७२. अर्ध्याहून अधिक पडणे या शेवटच्या चार फ्रेममध्ये होते.

ही सगळी मापे कंबरेची आहेत. धप्प्यात मुलगा पाठीवर आडवा पडतो, म्हणजे शरीर कंबरेभोवती फिरत खाली येते. डोके मोठ्या चापावर, पाय त्याहून वेगळ्या चापावर, आणि हात मागे राहून उशिरा येतात. एका चार्टमध्ये हे मावत नाही. सरांनी हातांसाठी चार्टशेजारी वेगळा छोटा चार्ट काढला आहे आणि त्यात हात शरीरापेक्षा दोन फ्रेम मागे ठेवले आहेत. आधी सगळ्या चित्रांतली कंबर, मग सगळ्यांतली डोकी, मग पाय, मग हात, असे एकेक अवयवाचे ठिपके एका स्वतंत्र कागदावर घेऊन त्यांचे चाप ओढले. चापातून बाहेर गेलेला ठिपका लगेच दिसतो, चित्रात तो दिसला नसता.

२१ एप्रिल २०२५

मोबाइल स्टँडवर उलटा टांगून लाइन टेस्ट घेतली, म्हणजे पेन्सिलीच्या चित्रांचे एकामागून एक फोटो काढून हालचाल पाहिली. प्रकाश आणि फोकस दोन्ही कुलूपबंद करणे आवश्यक आहे. नाहीतर प्रत्येक चित्राला फोन आपली मर्जी चालवतो आणि कागद लुकलुकतो. ४९ योग्य जागी आहे.

२७ एप्रिल २०२५

पांडवलेण्यांच्या पायथ्याशी असलेल्या फाळके स्मारकात जाऊन आलो, सर बरोबर होते. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे, आणि १९१३ मध्ये पहिला चित्रपट केल्यानंतर त्यांनी आपला कारखाना नाशिकलाच आणला. त्याआधी त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याची वाढ एकेक फ्रेम घेत चित्रित केली होती आणि ती दाखवूनच पुढच्या कामासाठी भांडवल मिळवले होते. परतताना रिक्षात यावर बराच वाद झाला. माझे म्हणणे असे की एकेक फ्रेम घेणे हे दोन्हीकडे सारखेच आहे. सरांचे म्हणणे असे की तिथे फाळक्यांनी फक्त वेळ निवडली, किती वाढायचे ते रोपट्याने ठरवले. कागदावर दोन्ही गोष्टी आपल्यालाच ठरवाव्या लागतात. त्यांचे म्हणणे मान्य करावे लागले.

११ मे २०२५

पाणी. इथे आतापर्यंतच्या रीती बऱ्याच अंशी गैरलागू ठरतात. ५५ मध्ये मुलगा आदळतो, ५७ मध्ये पाण्याची भिंत उठते, ६३ च्या सुमारास ती सर्वांत उंच होते आणि नंतर फाटते. दोन कींमधल्या पाण्याच्या बाहेरच्या रेघेचा मध्य काढला, तर चिखलाचा गोळा हलल्यासारखे दिसते, कारण पाण्याला टिकून राहणारा आकारच नसतो. म्हणून सरांनी पाण्याच्या की कमी दिल्या आणि मधला भाग एकामागून एक पुढे काढत जायला सांगितले.

तरीही शिस्त लागतेच. आधी कोणता थेंब कोणता हे ठरवायचे. भिंतीपासून सुटलेल्या प्रत्येक मोठ्या थेंबाला फिका क्रमांक दिला आणि त्याचा मार्ग वेगळ्या कागदावर काढला; तोही मुलासारखाच वर जाताना मंदावतो आणि खाली येताना वेग घेतो. थेंब लहान होत होत नाहीसा व्हावा, एका चित्रात असून पुढच्यात एकदम गायब होऊ नये. भिंतीला पडणारी भोके उलट वाढत जातात: आधी टाचणीएवढे छिद्र, पुढच्या चित्रात वाटाण्याएवढे, मग त्याची कड तुटून दोन शिंगे उरतात आणि त्यांचे थेंब होतात. भोक एकदा पडले की ते बुजता कामा नये. पाणी वन्सवर काढायचा मोह होता, परंतु ६३ नंतर टूज पुरेसे वाटले. वर जाताना वन्स, खाली येताना टूज, असे ठरले.

रहाडीचे पाणी रंग घातलेले आणि दाट असते, त्यामुळे थेंब बारीक न उडता जाडसर तुकड्यांत सुटतात, हे चित्रफितीत स्पष्ट दिसते. गोदावरीच्या गंगाघाटावर पोरे उड्या मारतात तिथले पाणी वेगळे उडते. थेंबांची संख्या त्यामुळे निम्म्यावर आणली, आणि काम हलके झाले म्हणून नव्हे, तर खरोखरच चित्र सुधारले.

१५ जून २०२५

हवा दमट झाली आहे आणि कागद फुगले आहेत. कागद ओलावा शोषतो तेव्हा तंतूंच्या आडव्या दिशेने अधिक पसरतो, त्यामुळे एप्रिलमध्ये काढलेल्या कींवर आज पंच केलेला कागद ठेवला, तर भोके जुळतात पण दूरच्या कडेला रेघा सरकलेल्या दिसतात. उपाय म्हणून की आणि कोरे कागद एकाच प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवायला सुरुवात केली आहे आणि एका बैठकीत लागणारे सगळे कागद आदल्या दिवशी एकत्र ठेवते. मुलगा पाण्यातून वर येतो तो भाग (७३ ते ९६) अजून बाकी आहे. त्यात फार हालचाल नाही. केसांतून ओघळणारे पाणी आणि एक हसू, एवढेच.

२९ जून २०२५

शेवटची लाइन टेस्ट सरांना दाखवली. त्यांनी ती आधी सरळ, मग उलट, मग एकेक फ्रेम पुढे नेत पाहिली. बदल दोनच सांगितले. ९१ मध्ये हसू उजव्या गालावर आधी पोहोचते, ते डावीकडेही त्याच चित्रात सुरू करायचे. आणि ३९ व ४१ ही अधांतरीची चित्रे एकमेकांपासून आणखी अर्धा मिलिमीटर दूर ठेवायची, कारण आता मुलगा हवेत थिजल्यासारखा वाटतो. ३९ आजच नव्याने काढले. ४१ उद्या, आणि त्यानंतर सगळे कागद पेगसह स्कॅन करून ओपनटून्झ या अ‍ॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये रंगासाठी घ्यायचे आहेत.